एकही पॅकेट न हरवणाऱ्या बफररावांस

प्रति,
मा. श्री. बफरराव,
मुक्काम राउटर, टीव्हीच्या कपाटाचा वरचा कप्पा.

विषय : आपल्या अफाट साठवणक्षमतेबद्दल अभिनंदन, आणि सोबत थोडी तक्रार.

महोदय,

स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपलं मनापासून अभिनंदन. इंटरनेटच्या या बेभरवशाच्या दुनियेत हाती आलेलं माहितीचं एकही पॅकेट आपण हरवू देत नाही, अशी आपली ख्याती आहे. जो येईल त्याला आपण आत घेता, रांगेत उभं करता आणि जमेल तेव्हा पुढे सोडता. कुणाला ‘नाही’ म्हणणं आपल्या स्वभावातच नाही. एवढ्या सौजन्यमूर्तीविरुद्ध तक्रार करायची म्हणजे जिवावर येतं, पण केल्यावाचून राहवतही नाही. पत्र खुलं लिहितोय, कारण आपल्यामार्फत पाठवलं असतं तर ते नक्की पोचलं असतं. फक्त विषय शिळा झाल्यावर.

वाचकांना आपली ओळख करून द्यायला हवी, कारण आपण प्रसिद्धीपासून लांब राहता. सिनेमा ऐन रंगात थांबतो आणि पडद्यावर चक्र फिरत बसतं, त्या ‘बफरिंग’मुळे आपलं नाव उगाच बदनाम आहे. तो गुन्हा आपला नव्हे. तिथे साठा संपलेला असतो. आपल्यावरचा आरोप साठा केल्याचा आहे. आपण म्हणजे राउटरमधला किंवा मोडेममधला मेमरीचा एक तुकडा. घरातली पॅकेटं घाईने येतात आणि बाहेरची लाइन अरुंद असते, तेव्हा त्यांनी क्षणभर थांबावं म्हणून आपली नेमणूक झाली. क्षणभर. पुढे मेमरी स्वस्त झाली, कारखानदारांनी आपल्याला सढळ हाताने जागा दिली, आणि आपण त्या जागेचं गोदाम केलंत.

आता प्रसंग सांगतो. मुलगा विट्याचा, मुलगी पुण्याची. हल्ली पहिले कांदेपोहे व्हिडिओ कॉलवरच होतात; पोहे ज्याने त्याने आपापल्या घरी खायचे. विट्याच्या घरात सिमवर चालणारा ४जी राउटर. रविवारची संध्याकाळ, सगळा गाव ऑनलाइन, त्यामुळे वर चढणारा वेग जेमतेम २ एमबीपीएस. मुलाने इस्त्रीचा शर्ट घातलाय, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवलंय, आई कॅमेऱ्याबाहेर उभी राहून ‘ताठ बस’ अशा खुणा करतेय. सगळं सुरळीत चाललंय. तेवढ्यात गणपतीपुळ्याहून सकाळीच परतलेल्या चुलतभावाचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लागतो, आणि घरचं वायफाय मिळाल्याच्या आनंदात ट्रिपचे फोटो आपणहून क्लाउडवर चढवायला घेतो.

मुलीचे वडील विचारतात, “बाकी, काही व्यसन वगैरे?”

मुलगा पापणी लवायच्या आत म्हणतो, “नाही नाही, काहीच नाही.”

हे विट्यात. पुण्यात मात्र शांतता. पडद्यावर मुलगा हसतमुख, गप्प. एक सेकंद जातो. मुलीची आत्या मुलीच्या आईकडे बघते. वडील सावरून घेतात, “नाही, म्हणजे पार्टी-बिर्टीत कधी…” आणि नेमकं त्याच क्षणी पहिल्या प्रश्नाचं उत्तर येऊन त्यांच्या वाक्यावर आदळतं. दोघंही थांबतात. “हां, बोला.” “नाही नाही, तुम्ही बोला.” “आवाज येतोय ना?” “येतोय, येतोय. तुम्हाला?” मग पुन्हा शांतता, पुन्हा दोघं एकदम.

कॉल संपल्यावर आत्यांचा निकाल आला : “मुलगा चांगला आहे हो, पण प्रत्येक उत्तर विचार करून देतो.” पगाराच्या प्रश्नाला थांबला, व्यसनाच्या प्रश्नाला थांबला, आणि ‘आईवडील पुढे तुमच्याकडेच राहणार का’ या प्रश्नाला तर फारच थांबला.

बफरराव, आपली खरी करामत इथे आहे. आवाज तुटला असता, चित्राचे चौकोन झाले असते, तर सगळ्यांनी एकमुखाने नेटवर्कला शिव्या घातल्या असत्या आणि पुन्हा कॉल लावला असता. पण आपण काहीच तुटू दिलं नाहीत. शब्द न् शब्द स्वच्छ पोचवलात, फक्त उशिरा. आवाज तुटला की दोष लाइनला जातो. उशिरा आला की दोष माणसाला जातो. सून ‘तुटक बोलते’, परदेशातला मुलगा ‘आता पूर्वीसारखा मोकळा राहिला नाही’, इंटरव्ह्यू देणारी मुलगी ‘गोंधळलेली वाटली’. यातल्या किती शेऱ्यांवर खरी सही आपली असायला हवी होती, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

माणसाचं बोलणं या बाबतीत फार नाजूक असतं. दहा भाषांमधल्या हो-नाहीच्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची सरासरी फट निघाली सुमारे २०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. त्या दहांत मराठी नव्हती. असती तर प्रश्न संपायच्या आतच उत्तर देण्याच्या आमच्या सवयीमुळे आकडा उणे आला असता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारसही हेच धरून चालते : एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेकांचं संभाषण सुखाने चालतं, ४०० च्या पुढे जाळ्याची आखणीच करू नये. आपण थेट दीड हजारावर. मोठी माणसं, मोठे आकडे.

आता हिशोब मांडू. बोलणं इंटरनेटवरून जातं ते तुकड्या-तुकड्यांनी. साधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. जी.७११ या जुन्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटात आवाजाचे १६० बाइट आणि पत्त्याबित्त्याचे ४० बाइट. सगळं मिळून सेकंदाला ८० हजार बिट, म्हणजे विट्याच्या त्या लाइनचा पंचविसावा हिस्सा. नव्या पद्धतींना तर याहूनही कमी पुरतं. चित्राला जास्त लागतं हे मान्य, पण आवाजाने मागून मागून मागितलं ते एवढंच, आणि ते द्यायला लाइन समर्थ होती.

मग अडलं कुठे? आपल्या गोदामात त्या वेळी ३,७५,००० बाइट भरलेले होते असं धरू. हल्ली फोनवरचा एक फोटो तीन-चार मेगाबाइटचा असतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा हा माल. अगदीच क्षुल्लक. पण ३,७५,००० बाइट म्हणजे ३० लाख बिट, आणि सेकंदाला २० लाख बिट बाहेर पडणार असतील तर गोदाम रिकामं व्हायला दीड सेकंद हवा. दीड-दीड हजार बाइटांची गणपतीपुळ्याची २५० पॅकेटं पुढे उभी, आणि त्यांच्या मागे ‘नाही नाही, काहीच नाही’. ट्रिपच्या फोटोतला किनाऱ्यावरचा उंट आधी क्लाउडवर चढणार, मग मुलाचं चारित्र्य पुण्याला पोचणार.

अंतराची सबब सांगू नका. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये परदेशी दळणवळणासाठी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. तिथून आवाज जवळपास ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जायचा आणि तेवढाच खाली यायचा. प्रकाशाच्या वेगाने त्याला सुमारे पाव सेकंद लागे, आणि तेवढ्यानेही परदेशी बोलणारी माणसं वैतागत. आपण विट्याच्या दिवाणखान्यात, कपाटावर बसल्या बसल्या, त्याच्या सहापट वेळ घेता. त्याही आधीच्या ट्रंक कॉलच्या काळात लाइन मिळायला तासन् तास लागत. पण एकदा लागली की माणसं घड्याळाकडे बघत का होईना, धडाधड बोलत. तेव्हा वाट कॉलच्या आधी पाहावी लागे. आपण ती प्रत्येक वाक्याच्या मध्ये आणून ठेवलीत.

‘पण मी एकही पॅकेट हरवलं नाही,’ असं आपण पुन्हा म्हणाल. इथेच तर घोळ आहे. फोटोचं पॅकेट दीड सेकंद उशिरा गेलं तर उंटाचं काही बिघडत नाही. हरवलं तर मात्र फोटो अपुरा राहतो, म्हणून ते पुन्हा मागवलं जातं. बोलण्याचं नेमकं उलटं. २० मिलिसेकंदांचा तुकडा हरवला तर ऐकणाऱ्याचा फोन आजूबाजूच्या आवाजावरून ती फट बुजवतो, कानाला पत्ताही लागत नाही. उशिरा आलेला तुकडा मात्र कुणाच्याच कामाचा नसतो. ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये आपले एक धाकटे बंधू असतात, जिटर बफर. ते मोजकीच पॅकेटं हाताशी ठेवून, पुढेमागे आलेली ओळीत लावून आवाज सलग करतात. आपण एकाएकी रांग वाढवलीत की वेळ टळून आलेली पॅकेटं ते सरळ फेकून देतात. म्हणजे आपण जिवापाड जपलेला माल पुण्यात पोचून कचऱ्यात! थोड्या वेळाने ते बिचारे परिस्थितीशी जुळवून घेतात आणि अख्खं संभाषणच दीड सेकंद मागे सरकवतात. मग आत्यांचा तपास सुरू होतो.

हे काही आज कळलेलं ज्ञान नाही. डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरून माणसांचं बोलणं पॅकेटांतून पाठवून दाखवलं. हरवलेलं पुन्हा मागवत बसलं तर गप्पा होणार नाहीत, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. त्यांच्या आग्रहातून हरवलेलं पुन्हा मागवणारा टीसीपी आणि फक्त पत्त्यावर धाडणारा आयपी वेगळे झाले, आणि १९८० मध्ये यूडीपी आला : पाठवा आणि पुढे चला, मागे वळून बघू नका. आज आपल्या समोरून जाणारी बोलण्याची बहुतेक पॅकेटं त्याच यूडीपीची असतात. ‘हरवलो तरी चालेल’ असं ती कपाळावर लिहूनच येतात. आपण वाचत नाही, एवढंच.

मोबाइलवाल्यांनी तर हे आकड्यांत लिहून ठेवलंय. जिओने ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे २जी-३जीचं जाळंच नव्हतं, त्यामुळे त्यांचा प्रत्येक कॉल पहिल्या दिवसापासून व्होल्टी, म्हणजे पॅकेटांतूनच जाणारा. अशा जाळ्यात आयएमएस नावाची यंत्रणा कॉल जुळवते आणि आवाजाला स्वतंत्र मार्गिका मिळते. त्या मार्गिकेसाठी, मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या तक्त्यात दोन अटी आहेत. विलंब १०० मिलिसेकंदांच्या आत हवा, आणि शंभरातलं एक पॅकेट हरवलं तरी हरकत नाही. त्याच तक्त्यात खाली, साठवून बघायच्या व्हिडिओसाठी मुदत ३०० मिलिसेकंदांची, पण हरवणं चालेल ते दहा लाखांत एक. अख्ख्या जगाच्या दूरसंचार इंजिनियरांनी एकत्र बसून लेखी दिलंय की बोलण्याच्या बाबतीत हरवणं परवडतं, रेंगाळणं परवडत नाही. नंबर फिरवून लावलेल्या व्होल्टी कॉलला हे राजमार्गाचं भाग्य लाभतं. ॲपवरचा कॉल मात्र फोटो, सिनेमे आणि अपडेट यांच्याबरोबर सामान्य डेटातून जातो, म्हणजे आपल्या दारातून.

आपला दुसरा अपराध यापेक्षा खोल आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातली लाइन कोलमडली. अंतर अवघं ४०० यार्ड. वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. आजचं इंटरनेट उभं आहे ते त्याच उपायावर. पाठवणाऱ्याने वेग हळूहळू वाढवत न्यायचा, आणि पॅकेट हरवलं की समजायचं : पुढे गर्दी आहे, हात आखडता घ्या. म्हणजे हरवलेलं पॅकेट हा निरोप असतो. आपण जागा संपेपर्यंत एकही हरवू देत नाही, म्हणून निरोप वेळेवर जात नाही. निरोप जात नाही, म्हणून चुलतभावाचा फोन समजतो की रस्ता मोकळा आहे, आणि आणखी जोरात फोटो ढकलतो. गोदाम काठोकाठ भरतं आणि भरलेलंच राहतं. आपल्या सौजन्याने गर्दी कमी होत नाही. गर्दी झाल्याची बातमी दाबली जाते.

आणि ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असंही म्हणू नका. जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये कागदावर सिद्ध केलं होतं की अमर्याद साठवण असलेलं जाळं ताण आल्यावर सगळीच पॅकेटं गमावून बसेल, कारण रांगेत उभ्या उभ्या त्यांची मुदत संपेल. पुढे २०१० मध्ये जिम गेटिस यांनी घरून मोठी फाइल चढवताना पाहिलं की विलंब एक सेकंदाच्या वर गेलाय. त्यांनी माग काढत काढत आपल्याला गाठलं आणि आपल्या या व्याधीला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. सोप्या मराठीत, अजीर्ण.

औषधही लगोलग आलं. कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रीत मांडली. तिचं म्हणणं साधं आहे : गोदामात किती माल आहे ते मोजू नका, प्रत्येक पॅकेट किती वेळ ताटकळलं ते मोजा. सलग १०० मिलिसेकंद कुणालाच ५ मिलिसेकंदांच्या आत वाट मिळाली नाही, तर एखादं पॅकेट टाकून द्या आणि पाठवणाऱ्याला जागं करा. तिचीच पुढची आवृत्ती एफक्यू-कोडेल. ती प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग लावते, त्यामुळे सेकंदाला ५० बारकी पॅकेटं पाठवणाऱ्या आवाजाला फोटोंच्या मागे उभं राहावं लागत नाही. लिनक्समध्ये ती २०१२ पासून आहे, फुकट आहे, आणि बाजारातले असंख्य राउटर लिनक्सवरच चालतात. म्हणजे औषधाची बाटली घरातच आहे. बूच कुणी काढत नाही.

का काढत नाही, हे आपल्या पाठीराख्यांना विचारायला हवं. इंटरनेट कंपन्या वेग विकतात. होर्डिंगवर ‘१०० एमबीपीएस’ लिहिता येतं. ‘घरात कुणी फोटो चढवत असतानाही आजीशी नीट बोलता येईल’ असं लिहायला जागा पुरत नाही. सरकारनेही जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या सुधारली तेव्हा आकडा दिला तो किमान २ एमबीपीएस डाउनलोडचा. भरलेल्या लाइनवर विलंब किती असावा, हा प्रश्न त्या व्याख्येत बसत नाही. तक्रार नोंदवायला फोन केला तर पलीकडून गोड आवाजात सांगतात, “सर, एकदा स्पीड टेस्ट करून बघा.” बघितलं. वेग पूर्ण, पिंग म्हणजे जाण्यायेण्याचा विलंबही झकास, कारण पिंग मोजला जातो तो लाइन रिकामी असताना. “सर, सगळं ओके दिसतंय. राउटर बंद करून चालू करा.” केला. आपलं गोदाम रिकामं झालं, मिनिटभर सगळं सुरेख चाललं, आणि तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद झाली. काही स्पीड टेस्ट भरलेल्या लाइनवरचा विलंबही दाखवतात, पण तो आकडा ‘अधिक माहिती’च्या बटनामागे लाजून बसलेला असतो. आपल्यासारखाच.

तेव्हा मागण्या लिहून देतो, म्हणजे आपल्याला रांगेत लावायला बऱ्या पडतील.

एक, राउटर बनवणाऱ्यांनी एफक्यू-कोडेलची ही शहाणी रांग कारखान्यातच चालू करून द्यावी. ‘एसक्यूएम’ नावाची सेटिंग शोधायची, लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा दहाएक टक्के कमी आकडा भरायचा, म्हणजे रांग आपल्याऐवजी तिच्या ताब्यात येते, हे ज्ञान आत्यांना आणि चुलतभावांना असावं अशी अपेक्षा करू नये. त्यातून ४जीचा वेग दर मिनिटाला बदलतो, तिथे हा आकडा हाताने भरणं कुणालाच जमण्यासारखं नाही.

दोन, कंपन्यांनी वेगाच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, भरलेल्या लाइनवरचा विलंब छापावा.

तीन, आणि ही खास आपल्यासाठी : हरवायला शिका. आमच्या बोलण्यातलं एखादं पॅकेट गेलं तर खुशाल जाऊ द्या. शब्द गळाला तर आम्ही ‘काय म्हणालास?’ असं विचारू. ते विचारायची आम्हाला पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. लाइन खराब आहे म्हणून ओरडून बोलू, कॉल कट करून पुन्हा लावू, कंपनीच्या नावाने बोटं मोडू. त्यात कुणाचं लग्न मोडत नाही. पण माणूस लगेच बोलला असताना तो अडखळला असं भासवायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

कळावे. उत्तराची घाई नाही. ती आपल्याला कधीच नव्हती.

आपला,
लाइन लागलेली असूनही वाट पाहणारा एक ग्राहक